बावीस खणांची गोधडी

भागीरथीचा राग करणारं एकही माणूस आमच्या गावात नव्हतं. तरी आमी तिला सात वर्षं वाळीत टाकली होती. हे आमाला जमलं कसं, ते समजायला मला सगळा जन्म लागला. अजून पुरतं समजलंय असं म्हणत नाय.

आमचं गाव किन्हवलीच्या अलीकडे, तीस-पस्तीस उंबऱ्यांचं. बाजाराला शहापूर नि सोयरिकीला मुरबाड, एवढंच आमचं जग. भागीरथी गावची सुईण. बुटकी, रुंद हातांची, नि तोंडानं अशी फटकळ की बाळंतिणीच्या कळा ऐकून घेण्यापेक्षा तिचं बोलणं ऐकून घेणं जड जायचं. नवरा कुंडलिक, दिवसाला चार शब्द बोलणारा, त्यातले दोन बैलांशी. एकुलती एक लेक, चिमी. त्यांचं घर आमच्या घराला लागून, मधे नुसतं बांबूचं कुंपण.

मी त्या गावात लगीन होऊन आले ती अडतीस साली, गणूची बायको म्हणून. आमचे मामंजी, जयराम, त्याच सुमारास मुंबई सोडून कायमचे घरी आले. पंधरा वर्षं गिरणीत काढली होती. येताना काळी टोपी, छत्री, पत्र्याची पेटी नि एक प्रश्न घेऊन आले. प्रश्न असा, की आपण कोण? गावात हा प्रश्न तोवर कोणाला पडलाच नव्हता. सकाळी उठून शेतावर जायचं असतं त्याला कुठे असलं काय सुचतं?

मामंजींनी मारुतीच्या देवळात सभा घेतली. म्हणाले, मुंबईला आपल्या लोकांचं मंडळ निघालंय, मंडळानं ठरवलंय की आपण वरचे. आता वरचे व्हायचं तर खाली कोणीतरी लागतं. ते कोण, हे ठरवायचं काम मंडळानं ज्या त्या गावावर सोडलं होतं. आमाला लांब जायला नको होतं, टेकाडापलीकडे कातकऱ्यांची वाडी होती. वाडीवरून मध यायचा, कोळसा यायचा, लावणीला माणसं यायची. शिवायचं नाय हे आधीपण होतंच, पण ते सवयीनं होतं. मामंजींनी त्याला अभिमान जोडून दिला. वाडीवर आपल्या माणसानं पाऊल टाकायचं नाय, वाडीच्या माणसाला अंगणात घ्यायचं नाय. मान्य असेल त्यांनी हात वर करा.

सगळ्यांनी हात वर केले. घरी आल्यावर मी गणूला विचारलं, "तुमाला पटलं होय हे?" तर म्हणतो, "मला कुठलं पटतंय. पण शेजारी नामानं हात वर केला, मग मी एकटाच कसा खाली ठेवू?" दुसऱ्या दिवशी पाण्यावर नामाची बायको भेटली. तिचा नामा म्हणे गणूचा हात बघून वर करता झाला होता. माझी हसून मुरकुंडी वळली. तेव्हा मी चौदा वर्षांची होते, मला ती गंमत वाटली.

त्यानंतर महिनाभरानं वाडीवरची गंगी अडली. दोन दिवस कळा देत होती, पोर पोटात आडवं. तिचा नवरा लखमा आला नि भागीरथीच्या कुंपणाबाहेर उभा राहिला. भागीरथी भाकरी थापत होती. तवा उतरवला, हात धुतले नि त्याच्या पुढे चालायला लागली. संध्याकाळी परत आली ती गंगीला नि तिच्या पोराला दोघांना जित्ती ठेवून.

झालं! सभा. मामंजी म्हणाले, चुकले म्हण नि परत वाडीवर जाणार नाय म्हण, की विषय मिटला. भागीरथी देवळाच्या पायरीखाली उभी होती. म्हणाली, "आडवं पोर सरळ केलं. ह्यात चुकलं कुठे ते तुमच्यापैकी एकानं सांगा, लगेच चुकले म्हणते." कोणाला सांगता येईना. आता, ज्याला उत्तर देता येत नाय त्यानं गप बसावं की नाय? तर नाय. उत्तर नव्हतं म्हणून तर सगळे जास्त चिडले. तिला कोणी विस्तव द्यायचा नाय, पाण्याला तिची वेळ वेगळी, तिच्या अंगणात कोणी बसायचं नाय, तिच्याशी बोलायचं नाय. हात वर करा. परत गणूनं नामाचा बघितला नि नामानं गणूचा.

एक गोष्ट मात्र मंडळाच्या लक्षात राहिली नव्हती. पोरं सभेला विचारून येत नाहीत.

तिसऱ्याच महिन्यात गावात बाळंतपणं सुरू झाली. नि काय चमत्कार बघा, जिथे तिथे सासूनंच सून सोडवली! ज्या बायकांना शेळी वितानासुद्धा घेरी यायची, त्या पाण्यावर सांगायला लागल्या, "अगो, त्यात काय एवढं, मीच नाळ कापली." आमाला खरंच वाटायचं. मनात कुठेतरी खुटखुटायचं, नाय असं नाय. पण संशय बोलून दाखवायची सोय नव्हती. दाखवला तर समोरची विचारणार, तुला कसं गो माहीत?

माझी पाळी आली एकेचाळीस साली, ऐन भातकापणीत. सकाळी कळा सुरू झाल्या नि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोर काय हलेना. माझ्या सासूबाई, धोंडूबाई, नुसत्या देवाला नारळ बोलत होत्या. चार नारळ बोलून झाले तेव्हा मीच किंचाळले, "नारळ राहू द्या, तिला बोलवा!" ती म्हणजे कोण ते विचारायला लागलं नाय.

मामंजी स्वतः गेले. भर दुपारी. रात्री गेलं तर कुत्री भुंकतात, दुपारी सगळं गाव शेतावर असतं, एवढा हिशोब त्या माणसाला बरोबर यायचा. मागच्या अंगाला कुंपणाच्या चार काठ्या उपसल्या नि त्या भोकातून, टोपी हातात घेऊन, ज्या बाईशी तीन वर्षं कोणाला बोलू दिलं नव्हतं तिच्या परसात उभे राहिले. मी पडल्या पडल्या मागच्या दारातून सगळं बघितलं नि ऐकलं.

"भागीरथी वयनी, सून अडलीय."

"माझ्याशी बोललात, भाऊ. दंड बसेल."

"कोणाला सांगू नको वयनी. आमी एकटेच आलोय, गावात बाकी कोणी नियम मोडला नाय."

"मी कोणाला सांगणार? माझ्याशी बोलतंय कोण?"

नि आली. मला दोन शिव्या दिल्या, सासूबाईंना बाहेर काढलं नि मामंजींना पाणी तापवायला बसवलं. आमचा वरचा माणूस चुलीपुढे बसून फुंकणीनं फू फू करत होता. तासाभरात माझी पोर झाली. मी तिच्या हाताला धरून रडले. म्हटलं, आत्ये, तुमचे पांग कसे फेडू. तर म्हणाली, "फेडू नको. पाण्यावर भेटलीस की मला बघून मान फिरवतेस ना, ती जरा हळू फिरव. लचक भरेल."

आता पाचव्या दिवसाची गोष्ट. आमच्याकडे पाचवी पुजतात, त्या दिवशी सटवी येते नि पोराच्या कपाळावर नशीब लिहून जाते. पण त्याआधी सुईणीची ओटी भरायला लागते, खण-नारळानं. ओटी भरली नाय तर सटवी दारातून परत जाते, कपाळ कोरंच राहतं. गावाची भीती होती, पण सटवीची जास्त होती. सासूबाईंनी मामंजींच्या पेटीतला मुंबईचा खण काढला. निळ्यावर पांढरे पोपट. तसलं कापड सगळ्या गावात आमच्याकडेच होतं. सासूबाईंनी त्याच कापडाची चोळी घालून जत्रेत सगळ्यांना जळवलं होतं. पानात गुंडाळून खण-नारळ कुंपणाच्या भोकातून तिच्या पदरात टाकला नि तिला बजावलं, "शिवून घालू नको हां. ओळखतील."

तिनं नाय घातला. मी रोज कुंपणाआडून बघायची. चोळीला ठिगळ, ठिगळावर ठिगळ, पण नवी चोळी अंगाला लागली नाय. मला वाटायचं, एका खणाची तर गोष्ट, वापरला नाय तर नाय. पुढे लढाईच्या दिवसांत कापड मिळेनासं झालं. शहापूरला रांगेत उभं राहून लोक हात हलवत परत यायचे. बायका एका लुगड्याची दोन करून नेसायला लागल्या. तरी भागीरथी आपली त्याच ठिगळांत. मी मनात म्हणायची, बाई हट्टी.

आमच्या सासूबाईंची मात्र मोठी पंचाईत झाली. सुनेला सोडवलं म्हणून त्यांनी पाण्यावर एवढी फुशारकी मारली, की खालच्या आळीतली चंद्रकला अडली तेव्हा तिच्या घरचे चक्क त्यांनाच बोलवायला आले. सासूबाई कण्हत अंथरुणात शिरल्या, कंबर धरलीय म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, चंद्रकलेलापण तिच्या सासूनंच सोडवलं. सासूबाईंची कंबर तात्काळ सुटली.

पंचेचाळीस साली चिमीचं लगीन ठरलं. मुरबाडकडचं स्थळ, मुलगा चांगला. पण मुलाच्या बापानं निरोप पाठवला, तुमचं गाव तुमच्या मांडवात असेल तर वरात आणतो, नायतर नाय. आमच्यात मांडव मुलीचा बाप घालत नाय, गाव घालतं. घरटी एक वासा नि जांभळीच्या टहाळ्यांचा एक भारा येतो. कुंडलिकाच्या अंगणात कोण वासा घेऊन येणार? तो सात वर्षांत पहिल्यांदा आमच्या दारात आला, मामंजींना हात जोडले. मामंजी म्हणाले, "तिला म्हणावं चुकले म्हण, वाडीवर जाणार नाय म्हण. मी कुठे नाय म्हणतो? पण गावाला काय तोंड दाखवू?"

त्या संध्याकाळी कुंपणापलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं. कुंडलिक म्हणत होता, "म्हण की गो एकदा. तोंडानं म्हणायला काय जातं?" चिमी रडत होती. भागीरथी म्हणाली, "म्हणेन. लेकीसाठी म्हणेन. पण उद्या गंगीची लेक अडली तर मी काय करू, ते पण तूच सांग." कुंडलिकाचे त्या दिवसाचे शब्द संपले होते.

मला तेव्हा काय वाटलं सांगू? वाटलं, उठावं, देवळात जाऊन ओरडावं, की माझी पोर हिनं काढली, ह्या जयरामानं पाणी तापवलं! पण मग वाटलं, सगळं गाव नियम पाळतंय, मोडणारं आमचं एकच घर, उद्या आमी वाळीत. मी गप बसले. मी पण त्यातलीच.

कुंपणापलीकडे तिची पेटी उघडल्याचा आवाज झाला. त्यानंतर दहा-बारा दिवस भागीरथी ओटीवर बसून शिवत होती.

नि एका सकाळी, बायका पाण्याला निघाल्या तेव्हा, पाण्याच्या वाटेवरच्या तिच्या कुंपणावर एक गोधडी वाळत घातलेली. नवीकोरी. कापडाच्या दुष्काळात एवढं रंगीत कापड बघून पुढची थांबली, तिच्यामागची थांबली. मी बघितलं. मधोमध आमचे पोपट. मेले, म्हटलं, आता सगळ्या ओळखणार! मी चोरून इकडेतिकडे बघितलं, तर पोपटांकडे कोणी बघतच नव्हतं. चंद्रकलेची सासू हिरव्या चौकटीच्या खणाकडे टक लावून होती. नामाची बायको एका कोपऱ्यातल्या लाल खणाकडे, नि तिचं तोंड त्याहून लाल. जी ती आपल्या खणापाशी. मग एकेकीची नजर हळूच शेजारच्या खणावर गेली, तिथून पुढच्यावर. मी मोजले. बावीस. गावात सात वर्षांत पोरं झाली ती बावीस.

भागीरथी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाय. तिनं कोणाला काय सांगितलं नव्हतं, दिलेला शब्द पाळला होता. गोधडी उन्हात घालायची नाय असं काय कोणी तिच्याकडून वदवून घेतलेलं नव्हतं.

शेवटी सासूबाई बोलल्या. "ऊन कडक आहे नाय आज?"

"हो ना गो," सगळ्या एका सुरात म्हणाल्या, नि पाण्याला गेल्या.

सासूबाईंनी घरी येऊन मामंजींच्या कानात सांगितलं. मामंजींनी छत्री घेतली, एक फेरी पाण्याच्या वाटेनं मारून आले नि दुपारी स्वतःच सभा बोलावली. मला वाटलं, आता हा माणूस टोपी काढणार. सात वर्षं झाली, सुटलो एकदाचे! सगळ्यांनाच तसं वाटलं असणार, तोंडं उजळली होती.

मामंजी उभे राहिले. म्हणाले, "मी ऐकतो, भागीरथी वयनीला गावानं वाळीत टाकलंय. कोणी टाकलं? कागद आहे? सही-अंगठा आहे? मला तरी आठवत नाय." लोक एकमेकांकडे बघायला लागले. मामंजी पुढे म्हणाले, "तीच आपल्यात येत नाय. पाण्याला वेगळ्या वेळेला जाते. कोणाशी बोलत नाय. खरं बघितलं तर तिनंच गावाला वाळीत टाकलंय!"

नि तुमाला सांगते, देवाशपथ, माणसांना हे पटलं! नुसतं पटलं नाय, आठवायला लागलं. नामा म्हणाला, खरंय, मी एकदा रामराम केला तर तिनं बघितलंपण नाय. दुसरा म्हणाला, घमेंडच तेवढी. गणूनं, माझ्या नवऱ्यानं, सांगितलं की आमी कुंपणातून किती वेळा हाक मारली. मी मागे बायकांत बसून पदर तोंडात कोंबला होता. हसू की रडू, कळेना. ठराव झाला. गावाला सात वर्षं टाकल्याबद्दल भागीरथीनं मारुतीला एक नारळ द्यायचा नि गावानं तिला माफ करायचं. हात वर झाले.

तिला बोलावलं. ती आली, त्याच पायरीखाली उभी राहिली. ऐकून घेतलं. एकदा कुंडलिकाकडे बघितलं, एकदा चिमीकडे.

"देते नारळ," म्हणाली. "तीस उंबऱ्यांना एकटीनं वाळीत टाकलं म्हणजे काम मोठंच झालं माझ्या हातून. एका नारळात सोडताय ही तुमची माया. नि वाडीचं काय?"

"वाडीचं?" मामंजी म्हणाले. "वाडीचं कुठे कोण काय बोललंय?"

दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात एकूणएक घराचा वासा आला. असा मांडव मी परत बघितला नाय, जांभळीच्या पाल्यानं गच्च. वरात वेळेवर आली. आमी बायका एवढ्या प्रेमानं हळद वाटत होतो, की कोणाला वाटावं आमी त्या घरातून कधी हाललोच नाय. चिमी हसत होती. भागीरथीच्या अंगावर मात्र तीच ठिगळांची चोळी, लेकीच्या लग्नातसुद्धा.

अक्षता पडल्या, पंगत बसायची होती, तेवढ्यात गंगी आली. सात वर्षांच्या पोराला हाताशी धरून, डोक्यावर मधाचं पोळं पानांत बांधून. मांडवाबाहेर उन्हात उभी राहिली, नेहमीसारखी. भागीरथी घरात गेली नि गोधडी घेऊन आली. मांडवाच्या आत, बायकांच्या रांगेत, तिनं ती झटकून पसरली. गंगीला हाताला धरून आणलं.

"बस गो," म्हणाली. "ही तुझ्यामुळेच झाली."

गंगी बसली. बावीस घरांच्या ओटीवर बसली. मामंजींचं तोंड उघडलं. पण बोलणार काय? बाटलं म्हणावं, तर काय बाटलं, कोणाचं बाटलं, ते सांगायला आधी खण ओळखायला लागला असता. तोंड तसंच थोडा वेळ उघडं राहिलं नि मग त्यातून शब्द आले, "सावली बरी आहे मांडवात." सासूबाई म्हणाल्या, "नि गोधडी काय छान शिवलीय हो!" सगळ्या बायका म्हणाल्या, छान, छान.

पंगत बसली, मी वाढत होते. भाताचं घमेलं माझ्या कमरेला. गंगीपाशी आले तेव्हा तिच्या गुडघ्याखाली माझे पोपट होते, माझ्या लेकीचे. तिच्या शेजारी गोधडीवर जागा रिकामी होती, माझ्यापुरती. भागीरथी समोर उभी होती, नि तिनं माझ्याकडे बघितलं. सात वर्षांत तिनं माझ्याकडे काय मागितलं नव्हतं. तेवढं एकदाच मागितलं, तेही डोळ्यांनी.

मी बाकीच्या बायकांकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मग मी गंगीच्या पत्रावळीत भात टाकला, वरून, हात लागणार नाय असा, नि पुढे गेले.